बिल जावयाच्या माथी, हक्क सासूबाईंचा

गावात एकट्या राहणाऱ्या सासूबाईंच्या छातीत दुखू लागतं. शेजारी गाडी करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आणतात आणि पुण्यातल्या जावयाचा फोन वाजतो : अँजिओप्लास्टी करावी लागेल, डिपॉझिट भरा. जावई क्रेडिट कार्डाची मर्यादा बघतो, लेक पीएफमधून किती काढता येतील याचा हिशेब करते, मेव्हण्याला फोन जातो. या धांदलीत एक प्रश्न मात्र कुणालाच सुचत नाही. सासूबाईंचं रेशनकार्ड कुठे आहे?

आजारपणातल्या सरकारी मदतीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या योजना रुग्णाकडे बघतात. त्याचं वय, रेशनकार्ड, उत्पन्न यावर हक्क ठरतो; काउंटरवर लेक उभी आहे की जावई, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दुसऱ्या प्रकारच्या योजना कमावत्या माणसाकडे बघतात आणि मग नातं मोजतात. सासू-सासरे आजारी पडले की बहुतेक घरं आपल्या पगारापासून, म्हणजे दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतात. खरी सोय पहिल्या टोकाला असते.

रुग्णाच्या नावावर काय आहे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झाली आणि २०१७मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. २०२३च्या निर्णयानंतर ते पाच लाख झालं आणि पांढऱ्या कार्डासकट सगळे रेशनकार्डधारक तिच्यात आले. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही’ हे पालुपद त्यामुळे आता जुनं झालं. रक्कम मात्र कार्डावरच्या सगळ्या नावांत मिळून असते. सासूबाईंचं नाव मुलाच्या कार्डावर असेल आणि त्याच वर्षी त्या घरात आणखी कुणाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर उरेल तेवढंच हाती लागतं.

सासूबाईंनी सत्तरी ओलांडली असेल तर गोष्ट आणखी सोपी होते. ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांचे हे पाच लाख वेगळे धरले जातात. वय आधार कार्डावरून ठरतं. घरच्या मोबाइलवरही हे कार्ड काढता येतं.

या योजनांचा लाभ कॅशलेस असतो आणि गाडं नेमकं इथेच अडतं. उपचाराला आधी मंजुरी लागते. योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि कागदपत्रं बघून प्रस्ताव पाठवायला मदत करतो. डिपॉझिट भरून खासगी रुग्ण म्हणून नाव नोंदवलं आणि चार दिवसांनी योजनेची आठवण झाली, तर भरलेले पैसे परत मिळणं दुरापास्त. म्हणून दाखल करतानाच विचारायचं. तातडीचं असेल तर फोनवरच्या मंजुरीवर उपचार सुरू होऊ शकतात. कागद मागाहून येतात. आणखी एक खाचखळगा : रुग्णालय योजनेत आहे म्हणजे सगळ्या आजारांसाठी आहे असं नसतं. हृदयविकारासाठी यादीत असलेलं रुग्णालय कॅन्सरसाठी नसू शकतं. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात.

योजनेबाहेरची दारं

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे, तर मुंबईचं केईएम महापालिकेकडे. त्यामुळे तिथले नियम आणि शुल्क वेगळं.

दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार, या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इथे कळीचा. रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे थेट ‘धर्मादाय योजनेत खाट हवी’ असं म्हणावं. नुसती ‘काही सवलत मिळेल का?’ अशी विनवणी केली, तर मेहेरबानी म्हणून बिलातले दोन-पाच हजार कमी होतात आणि हक्क बाजूला राहतो.

मुख्यमंत्री सहायता निधीतूनही गंभीर आजारांसाठी मदत मिळते, पण ती थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. आधीच भागवलेल्या बिलाची भरपाई होत नाही. खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन उपचार चालू असतानाच अर्ज करायला हवा.

नातं मोजणाऱ्या योजना

आता पगाराकडे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत कर्मचाऱ्याला, मग ती महिला असो वा पुरुष, आई-वडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एका जोडीचं नाव देता येतं. ती जोडी अवलंबून असावी आणि सोबत राहणारी असावी ही अट. निवड विचारपूर्वक करावी, कारण ती पुन्हा पुन्हा बदलता येत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र फक्त महिला कर्मचाऱ्याच्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांना ‘कुटुंबा’त जागा दिली आहे. जावयाच्या सासू-सासऱ्यांचा उल्लेख तिथे नाही.

प्राप्तिकर तर सरळ हात झटकतो. जुन्या करपद्धतीतली, ‘८० डी’ म्हणून माहीत असलेली आरोग्यविम्याची वजावट आई-वडिलांसाठी आहे, सासू-सासऱ्यांसाठी नाही. जावयाने सासूबाईंचा हप्ता भरला तर त्याला वजावट शून्य. तोच हप्ता कमावत्या लेकीने स्वतःच्या खात्यातून भरला तर वजावट मिळते. साठीपुढच्या आईचा विमाच नसेल, तर रोख न देता केलेल्या औषधोपचाराच्या खर्चावरही तिला पन्नास हजारांपर्यंत वजावट घेता येते. तेव्हा पैसा घरातल्या कोणत्या खात्यातून जातो, हे ठरवायलाही पाच मिनिटं द्यावीत.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात उपचारांचा खर्च धरला आहे, पण जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. सून-जावयांना तिच्यात आणणारं २०१९चं विधेयक मंजूर झालंच नाही. म्हणजे जावई जे देतो ते आपुलकीने देतो. लेक आणि मेव्हणा मात्र कायद्यानेही बांधलेले आहेत. वाटणीची बोलणी करताना हा फरक आठवला तर कुणी रुसणार नाही.

घरी बसून करायची कामं

आजार यायच्या आधी चार गोष्टी तपासाव्यात. सासूबाईंचं नाव नेमकं कोणत्या रेशनकार्डावर आहे? ते ऑनलाइन नोंदीत दिसतं का? आधारवरचं आणि कार्डावरचं नाव जुळतं का? आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची गत. मंजुरी अडते ती बऱ्याचदा इथेच.

बऱ्याच घरांत ‘जावयाकडून पैसे कसे घ्यायचे’ म्हणून सासू-सासरे दुखणंच अंगावर काढतात. त्यांना सांगावं की ऑपरेशनचे पैसे तुमच्याच कार्डातून जाणार आहेत. हे अगदी खरंही असेल. तरी जावयाच्या खिशाला काम उरतंच. घरी आल्यावर महिनोन्‌महिने चालणारी औषधं, रात्रपाळीची मावशी, तपासणीसाठी गाडीभाडं, लेकीची बिनपगारी रजा हा सगळा खर्च योजना सहसा उचलत नाहीत. डिपॉझिटमध्ये सगळी शिल्लक संपवणाऱ्याच्या हाती या खर्चासाठी काही उरत नाही. म्हणून आधी सासूबाईंचा हक्क वापरावा आणि आपले पैसे या लांबच्या खर्चासाठी राखून ठेवावेत.