खारट मातीतील औषधांचा शोध

“डॉक्टर, मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या आहेत, आईंना त्याच देऊ का?” सासूबाईंची शुश्रूषा करणाऱ्या एका सूनबाईंचा हा प्रश्न. त्याचे उत्तर मातीपासून सुरू होते.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे मातीतील जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती आले. पुढे साध्या मातीतून तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा सापडू लागली. म्हणून संशोधक आता वाळवंटे, मिठागरे आणि खाऱ्या सरोवरांचे काठ धुंडाळतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर त्यांपैकीच एक. उष्णता व क्षार सोसून तगणाऱ्या जिवाणूंची जीवनक्रिया निराळी असते; शेजारच्या जंतूंना रोखण्यासाठी ते जी द्रव्ये स्रवतात, तीही निराळी असतील, अशी आशा आहे.

परंतु प्रयोगशाळेतील बशीत जंतू मारणारे प्रत्येक द्रव्य औषध ठरत नाही. ते मानवी शरीराला सोसले पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिननेही काही रुग्णांची श्रवणशक्ती हिरावली होती. अशा पारखणीत अनेक वर्षे जातात.

तोवर हाती असलेली औषधे जपणे आपले काम आहे. सर्दी-पडशासारख्या विषाणूजन्य आजारांत प्रतिजैविके निरुपयोगी असतात. शिवाय उतारवयात मूत्रपिंडांची क्षमता घटते. म्हणून औषध व मात्रा दर वेळी नव्याने ठरवावी लागते.

सूनबाईंना एवढेच सांगितले: त्या चार गोळ्या देऊ नका, येताना सोबत घेऊन या.