माहुलीला मुक्काम, पण दगड तिथेच

शहापूर-मुरबाडचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. वय सुमारे ६.६ कोटी वर्षे.

• लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातून त्यांत स्फटिक वाढले: गारगोटी, अकीक, शिवाय स्टिल्बाइटसारखे झिओलाइट.

• ओळख: चाकूचे पाते झिओलाइटवर ओरखडा काढते (मोह काठिण्य ३.५ ते ५.५), गारगोटीवर (७) नाही. म्हणून झिओलाइट कपाटातच शोभतात, अंगठीत नाही.

• माहुली किल्ला तानसा अभयारण्यात येतो. तंबू ठोकण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातला दगडही ‘वनोपज’. अभयारण्यातून तो उचलणे गुन्हा.

• सापडलेले रत्न घरी नेता येते, ते अमेरिकेत: आर्कान्सातले ‘क्रेटर ऑफ डायमंड्स’, १९७२पासून राज्य उद्यान.

• नुसते पाहायला: सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय.