आधी पाया, मग परवाना?

नदीच्या पात्रात अथवा समुद्राच्या काठी बांधकाम करावयाचे तर त्यासाठी परवाना लागतो, हे गोव्यात आता कोणास नव्याने सांगावयास नको. सांगावयास हवे ते इतकेच की, हा परवाना पाया खणण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. भिंती उभ्या राहिल्यावर घेतलेल्या कागदास परवाना म्हणावे की क्षमापत्र, याचा विचार सरकारने आणि जनतेनेही एकदा करावयास हवा.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवावा, असे इंदिरा गांधी यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवरच्या नद्यांचे काठही तिच्या कक्षेत आले. या काठांवर १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर नियंत्रित झाले. १९९४ मध्ये केंद्राने हे १०० मीटर ५० वर आणले. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९६ मध्ये रद्द ठरविली. तेच ५० मीटर २०१९ च्या अधिसूचनेत पुन्हा अवतरले आहेत. नदी तीच, भरती तीच. बदलला तो केवळ सरकारी गज!

पेडण्यासारख्या तालुक्यात या मीटरांचा अर्थ काय होतो, हे पाहण्याजोगे आहे. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस समुद्र असा हा तालुका तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. मोरजी आणि मांद्रे येथील पुळणीवर थंडीच्या दिवसांत सागरी कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या रोखाने चालू लागतात. समुद्रावरील उजळ क्षितिजाऐवजी किनाऱ्यावरील दिव्यांनी त्यांना भुलविले, तर ती पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच २०११ च्या अधिसूचनेने गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. कासवांच्या किनाऱ्यांवर विकासकामे नकोत, वाळूच्या टेकड्यांना हात लावू नये, खाजन जमिनींत बांधकाम करू नये, आणि किनाऱ्यावरील हंगामी मांडव सप्टेंबर ते मे एवढ्याच काळापुरते असावेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. खाजनाचे बांध आणि मानशी आपल्या पूर्वजांनी भरती-ओहोटीशी केलेला करार होय. तेथे भराव टाकला की जे पाणी शेतात पसरावयाचे ते शेजाऱ्याच्या अंगणात शिरते.

डिचोली तालुक्यात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याच्या दर हजार भागांत ५ भाग क्षार जेथवर आढळतात, तेथवरच किनारी कायद्याची हद्द. त्यापुढे नदी गोडी होते आणि हा कायदा थांबतो. मात्र नदी थांबत नाही. साखळीच्या बाजारपेठेत पुराचे पाणी आणणारी वाळवंटी कोणत्या कायद्याखाली येते, हे विचारून वाढत नाही. तेथे जलस्रोत आणि नगरनियोजन खात्यांनी अधिक सावध राहावयास हवे. पण एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे हीच आपल्या कचेऱ्यांची रीत!

परवान्याचा विचार मागाहून केल्याने काय होते, याचे उदाहरण सरकारी कामातच सापडते. केरी-तेरेखोल पुलाचे काम हाती घेतल्यानंतर परवान्याचा वाद हरित लवादापुढे गेला आणि काम थांबले. पूल हवा की नको, हा येथे मुद्दाच नव्हे. जो प्रश्न पहिला खांब रोवण्यापूर्वी सुटावयास हवा होता, तो नंतर उभा राहिला, हे दुखणे आहे. देशपातळीवरही यात स्थैर्य नाही. कार्योत्तर पर्यावरणीय मंजुऱ्यांस सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मनाई केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. न्यायालयाच्या निर्णयाचा आदर राखूनही आम्ही म्हणू की, बुजविलेले खाजन दंड भरल्याने पुन्हा खाजन होत नाही.

मात्र दोष केवळ बांधणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०११ च्या अधिसूचनेखालील गोव्याचा किनारी आराखडा मंजूर होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. अकरा वर्षे ज्या रेषेचा नकाशाच निश्चित नव्हता, ती रेषा ओलांडू नये, हे गरीब रांपणकाराने कसे ओळखावे? पैसेवाला वकील गाठतो. घराची पडकी भिंत सावरणारा मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. कडक कायदा आणि अदृश्य रेषा, यांच्या संगतीत लबाडाचे फावते आणि प्रामाणिक माणूस भरडला जातो.

म्हणून सरकारने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. सर्वे क्रमांकांसह नकाशा मराठी व कोकणीतून प्रत्येक पंचायतीत लावावा आणि काठावर हद्दीचे दगड रोवावेत. परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत शिफारस करावयाची तरतूद २०११ च्या अधिसूचनेतच आहे, ती पाळावी. आणि सरकारी कामांनाही हाच नियम आधी लावावा. २०१९ ची अधिसूचना नवा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. तो करताना ५० मीटरांची सवलत हा हक्क न मानता, जेथे खाजने आणि खारफुटी आहेत तेथे जुने १०० मीटर राखण्याचा आग्रह गोव्याने धरावा. कायद्याने दिलेली प्रत्येक सूट घेतलीच पाहिजे असे थोडेच आहे?

परवाना ही सरकारने बांधणाऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. भरतीच्या पाण्याला पसरावयास किती जागा लागते, हे बांधण्यापूर्वी विचारून घेण्याची ती रीत आहे. आपण विचारले नाही, तर पाणी आपली जागा न विचारता घेईल; आणि तेव्हा कोणत्याही कचेरीचा शिक्का त्याला अडवू शकणार नाही.