एरिथ्रोपोएटिन आणि ऊतींचे संरक्षण

वाळूज येथील औद्योगिक वसाहतीत वॉकहार्ट कंपनीने जो जैवतंत्रज्ञान प्रकल्प उभारला, त्याच्या उत्पादनांत एरिथ्रोपोएटिन या प्रथिनाचा समावेश झाला. वेपॉक्स हे त्याचे व्यापारी नाव. मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारातील रक्तक्षयावर हे औषध दिले जाते. परंतु मेंदू, हृदय इत्यादी अवयवांच्या पेशींनाही ते मृत्यूपासून वाचवते काय, हा प्रश्न गेली काही दशके चर्चिला जात आहे.

प्रौढांत हे प्रथिन मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते व प्राणवायू उणावला की त्याचे प्रमाण वाढते. मियाके यांनी जपानात जमविलेल्या रुग्णांच्या २,५५० लिटर मूत्रातून गोल्डवासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळविले. हे द्रव्य तांबड्या पेशी 'उत्पन्न करते' असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो तितकासा अचूक नव्हे. अस्थिमज्जेतील पूर्वपेशी एरिथ्रोपोएटिनच्या अभावी मरतात, आणि ते मिळाल्यास जगतात, असे कौरी व बाँड्युरंट यांनी १९९० मध्ये दाखविले. म्हणजे पेशीमृत्यूला प्रतिबंध हे त्याचे मूळचेच कार्य होय. ग्राहीच्या दोन प्रती जोडल्या गेल्या की जॅक-२ हे विकर उद्दीपित होते. स्टॅट-५ द्वारा बीसीएल-एक्सएल हे प्रथिन वाढते, आणि तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडण्यास अटकाव होतो.

इतर ऊतींत हीच साखळी चालते असे मात्र निःशंकपणे म्हणता येत नाही. तेथे एका निराळ्या, मिश्र ग्राहीची कल्पना मांडण्यात आली. त्याला द्रव्याची मात्रा बरीच अधिक लागते असे तिचे पुरस्कर्ते मानतात. ग्राहीच्या शोधासाठी वापरलेली काही प्रतिपिंडे इतर प्रथिनांनाही चिकटतात, हे २००६ मध्ये उघड झाल्याने अनेक जुन्या निरीक्षणांचा पायाच डळमळला.

रुग्णांवरील अनुभव याहून कठोर आहे. पक्षाघाताच्या ४० रुग्णांवरील जर्मन प्रयोगाचे २००२ मधील निष्कर्ष आशादायक होते. पुढे ५२२ रुग्णांवर तोच उपचार तपासला असता, २००९ मधील वृत्तांतानुसार, औषध घेतलेल्या गटात १६.४ टक्के व दुसऱ्या गटात ९ टक्के मृत्यू झाले. त्यांतील बऱ्याच जणांना रक्ताची गुठळी विरघळविणारे औषधही मिळाले होते, ही बाब ध्यानात घेतली तरी फरक उपेक्षणीय ठरत नाही. जन्मतः श्वास कोंडलेल्या ५०० अर्भकांवरील २०२२ च्या चाचणीत, शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराला या औषधाची जोड देऊनही लाभ झाला नाही; उलट गंभीर उपद्रव अधिक आढळले. मोठ्या मात्रेने रक्त घट्ट होते व गुठळ्यांचा धोका वाढतो, हे तर पूर्वीपासून ठाऊक होते.

म्हणूनच २००४ पासून कार्बामिल गट जोडलेल्या एरिथ्रोपोएटिनकडे संशोधकांचे लक्ष गेले. ते नेहमीच्या ग्राहीस चिकटत नाही, तांबड्या पेशी वाढवीत नाही. तरी प्राण्यांतील प्रयोगांत ऊतींचे रक्षण करताना आढळले आहे.