इंटरनेटचा वेग कसा मोजावा?

अमरावती-अकोल्याकडील आपल्या पालकांना शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना प्रश्न पडतो : जोडणी ४० मेगाबिटची, मग कागदपत्रे का अडकतात? वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये; ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. चाचणीत काही माहिती पाठवून तिला लागलेल्या वेळेने भागतात. डाउनलोड, अपलोड आणि प्रतिसादाचा विलंब ही मापे निरनिराळी. अर्जासाठी अपलोडच पाहावे. २०२३ पासून ब्रॉडबँडसाठी डाउनलोडचा किमान वेग २ मेगाबिट ठरला आहे. मात्र वसतिगृहातील ४० विद्यार्थी एकाच वेळी जोडले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ मेगाबिटच येतो. म्हणून ‘ट्राय’च्या ‘मायस्पीड’ अ‍ॅपवर सकाळ-सायंकाळ वेग तपासावा आणि अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नये, ही आम्हा सर्वांची विनंती.