आइस्क्रीम सोडा

आपण बंगळूरात राहत असाल आणि सुटीत पुण्यास नातलगांकडे जाणे होत असेल, तर एकदा लष्कर भागातल्या जुन्या इराणी उपाहारगृहात अवश्य जा आणि 'आइस्क्रीम सोडा' मागा. पेल्यात आइस्क्रीमचा गोळा तरंगत येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. येते ती थंडगार काचेची बाटली. टोपण उघडताच बुडबुडे उसळतात आणि नाकाशी येतो व्हॅनिलाचा सुवास. आइस्क्रीम म्हणावे असे तिच्यात काय ते एवढेच!

हा सुवास एके काळी श्रीमंतांचाच होता. व्हॅनिलाची शेंग मेक्सिकोकडील एका वेलीची. त्या प्रदेशाबाहेर तिला फळच धरेना. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने व बोटाने फुलात पराग घालण्याची सोपी रीत शोधली, आणि लागवड जगभर पसरली. तरी शेंग महागच राहिली. १८७४ साली टीमान व हार्मान या जर्मन रसायनज्ञांनी पाइन वृक्षाच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. पुढे हा सुवास स्वस्त झाला आणि सोड्याच्या बाटलीत येऊन बसला. अस्सल शेंगेचा भाव किती लहरी, हे कर्नाटकातील बागायतदारांस सांगावयास नको. २००३ च्या सुमारास भाव आकाशाला भिडले, कॉफीच्या बागांतून व्हॅनिलाचे वेल चढले, आणि दोन-तीन वर्षांतच भाव कोसळले.

बंगळूरप्रमाणेच पुण्यातही इंग्रजी फौजेची छावणी होती, आणि साहेबाला सोडा लागेच. मुंबईत पालनजींनी १८६५ साली, पुण्यात अर्देशीर यांनी १८८४ साली आणि पुन्हा मुंबईत ड्यूक्सने १८८९ साली हा व्यवसाय आरंभिला. तिन्ही पारशी-इराणी घराणी. साहेब गेले, गिऱ्हाईक म्हणून आपण राहिलो. ड्यूक्स १९९४ साली पेप्सी कंपनीकडे गेली.

परदेशी कंपन्यांची एवढी लाट येऊनही जुन्या पेढ्या तगल्या. पण त्या आपल्या शहरापलीकडे फारशा का गेल्या नाहीत, असे आपण विचाराल. मला वाटते, उत्तर त्या बाटलीतच आहे. काच जड, शिवाय फुटणारी. आणि ती परत यावी लागते, धुऊन पुन्हा भरावी लागते. रिकाम्या बाटल्यांचे खोके घेऊन गाडीने जितके अंतर परवडेल तितकेच त्या पेयाचे राज्य. प्लास्टिकच्या बाटलीला परतीची काळजी नसते, म्हणून ती कोठेही पोहोचते (आणि कोठेही पडून राहते, हे निराळे).

तेव्हा बंगळूरच्या घरी मुलांसाठी दोन बाटल्या न्याव्यात असे मनात आले, तर दुकानदार आधी अनामत मागेल. पुणेकर त्या भानगडीत पडत नाहीत. ते तेथेच, गल्ल्याशी उभे राहून बाटली संपवतात आणि खोक्यात ठेवून निघतात.