राणीपुढचे गायक आणि आमचे वामनदादा

१७ जून १८५७. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट गाणे ऐकायला आले. समोर सुमारे दोन हजार गायक, वादकांचा ताफा वेगळाच. हँडेलची ‘जुडास मॅकाबियस’ ही रचना होती. परक्या राजाने बाटवलेले मंदिर ज्यू लोक लढून परत घेतात, अशी तिची कथा. मेरठचा उठाव होऊन महिना उलटला होता, बातमी मात्र लंडनला पोचायची होती. म्हणजे साम्राज्याची धनीण बंडाचे गाणे ऐकत होती! आणि हँडेलने ते रचले कशासाठी, तर १७४६ साली स्कॉटलंडचे बंड चिरडणाऱ्या सेनापतीच्या गौरवासाठी. दरबार बंडाची गाणीही अशी पचवतो.

मला मात्र राणीपेक्षा त्या दोन हजारांचे कौतुक वाटते. त्यातले बहुतेक हौशी, पोटासाठी दुसरेच काही करणारे. त्यांना हे जमले कसे? नोव्हेलो नावाच्या प्रकाशकाने स्वरलिपीची पुस्तके स्वस्तात छापली. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत सुधारून सुरांना साधी अक्षरे दिली, ती कामगारांची पोरेही वाचू लागली. संगीत उमरावांच्या दिवाणखान्यातून खाली उतरले ते छापील कागदामुळे.

आता आपल्याकडे या. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरावर सत्याग्रहींची मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागी बँड होता. मंदिराच्या दारासाठी लढणाऱ्यांचे खरे संगीत ते! पुढे याच जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाऊन पोचवला. मोठेपणी अक्षरे गिरवलेला हा माणूस हजारो गाणी लिहून २००४ साली गेला. आमच्या देवळाली कॅम्पात जयंतीला त्यांची गाणी वाजतात, पण कवीचे नाव किती जण घेतात? कॅसेटच्या काळापासून हीच रड आहे. नाव गळते, कडवे बदलते, चाल तर कोणी लिहूनच ठेवत नाही.

वकील म्हणून सांगतो, वामनदादांच्या शब्दांवरील कॉपीराइट २०६४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ नुसार कवीचे नाव लावण्याचा आणि रचनेची मोडतोड रोखण्याचा हक्क त्यांचे कायदेशीर वारस बजावू शकतात. पण कोर्टात मूळ पाठ दाखवावा लागतो. तो कुठून आणणार?

जुने शाहीर, पेटीवाले अजून आहेत. जयंती मंडळांनी डीजेच्या बिलातून थोडे पैसे काढावेत, त्यांच्याजवळ बसून शब्द उतरवावेत, पेटीवरून चालीची स्वरलिपी करावी, गाणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून छापावी. आणि मंचावरून गाणे सुरू होण्याआधी कवीचे नाव पुकारावे. याला तर पैसाही लागत नाही.